शाई ओली आहे

रियेकाच्या वाचनालयात गुरुवारी संध्याकाळी
खुर्च्या चाळीस, माणसं त्रेसष्ट.
मी रॅडिएटरला पाठ लावून उभी,
कोटाच्या खिशात औषधांची पावती,
तिचीच घडी घालत, उलगडत.
खरं सांगायचं तर उबेसाठी आत शिरले होते.
बाहेर बुरा सुटला होता,
डोंगरावरून उतरून बंदरातल्या दोरखंडांना
शिट्ट्या घालायला लावणारा आमचा वारा,
आणि बस यायला पाऊण तास.

बाई ठेंगणी. नेव्हेन्का ब्रायदिच.
मधल्या बोटाच्या पेरावर शाईचा डाग,
जन्मखुणेसारखा मुरलेला.
प्रोजेक्टर चालेना. ग्रंथपाल खुर्चीवर चढला,
वायर हलवली, उतरला, पुन्हा चढला.
तोवर ती म्हणाली, "सीमेवर कॅमेरे काढून घेतात.
पेन्सिल आजवर कुणी मागितली नाही.
तिला कुणी भीत नाही, हेच माझं भांडवल."
लोक हसले.
माझ्या लेखी कॉमिक्स म्हणजे
पांघरुणात टॉर्च लावून पोरगा वाचायचा ते,
ज्यात मार खाल्लेल्याच्या डोक्याभोवती चांदण्या फिरतात.

इथे चांदण्या नव्हत्या.
पडद्यावर नदी आली, नुसत्या काळ्या रेघांची,
काठावर बुटांचा ढीग, लेस काढून घेतलेल्या.
"मोजून काढलेत," ती म्हणाली, "एकोणतीस.
तिसावा कुणालाच आठवला नाही."

पुढच्या रांगेतून एक म्हातारा उठला,
गोदीतला असावा, आवाज तसा होता.
"बाई, तुम्ही तिथे नव्हतात. मग हे खरं कसं?"
ती पाणी प्याली.
"नव्हते. म्हणून अकरा जणांना एकच संध्याकाळ विचारली.
नऊ म्हणाले पाऊस होता. दोघं म्हणाले, छे, कोरडं होतं.
बघा, या डाव्या कोपऱ्यात मी पाऊस काढलेलाच नाही.
त्या दोघांना तिथे उभं केलंय."
म्हातारा बसला.
पटलं म्हणून, की गुडघे दुखले म्हणून, कळलं नाही.

मग ती चौकट.
चार पोलीस, तोंडं झाकलेली.
"चेहरे मी काढत नाही. ते कुणी पाहिलेच नाहीत.
पण कोण कसं उभं होतं ते सगळ्यांना आठवतं.
मार खाणारा खालूनच बघतो ना,
त्याला पाय पाठ होतात."

डावीकडून दुसरा.
सगळा भार उजव्या पायावर,
डावा जरासा बाहेर, टाच उचललेली,
जमीन तापली असावी तसा.

अकरा वर्षांचा होता. शेजाऱ्यांच्या अंजिरावरून पडला.
घोट्यात दोन खिळे.
प्लास्टर उतरल्यावर मीच त्याला चालायला शिकवलं,
दुसऱ्यांदा,
ओट्यापासून दारापर्यंत, सहा आठवडे.
उभं राहायची ढब तेवढी राहील, डॉक्टर म्हणाले होते.
राहिली.

जगात काय कमी घोटे मोडतात?
मी पावती फाडली. बारीक, आणखी बारीक.
पाठ भाजत होती आणि हलता येत नव्हतं.

सह्यांच्या रांगेत माझा नंबर आला.
"कुणाच्या नावाने?"
ल्युबित्सा म्हणाले असते की संपलं असतं.
"दोरियान," मी म्हणाले.
"मुलगा?"
मान हलली. उभी की आडवी, मलाही सांगता येणार नाही.
तिने लिहिलं, दोरियानला, स्नेहपूर्वक,
आणि खाली, हाताच्या सवयीने, एक बूट काढला.
"लगेच मिटू नका हं. शाई ओली आहे."

म्हणून त्या वाऱ्यात मी पुस्तक उघडंच नेलं,
काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसं.
बसमध्येही मांडीवर उघडंच.
शेजारच्या मुलीने वाकून नाव वाचलं,
मी हात आडवा धरला नाही.

शाई केव्हाच वाळली होती.
तीन जिने चढले, तरी मिटलं नाही.
दाराबाहेर त्याचे ड्यूटीचे बूट,
डावा नेहमीसारखा कलंडलेला.
दोन्हींना लेस होत्या.